नववं मंगलाष्टक

विमान सुटल्यापासून जळगाव आणि कोल्हापूर यांच्यातलं अंतर वाढत आहे. सकाळी ते पाचशे किलोमीटर होतं. आता समोरच्या पडद्यावर नऊशे दिसतं. विमानाचा वेग बदललेला नाही. पोचायला चाळीस मिनिटं आहेत. मघाशीही चाळीसच होती.

कोल्हापुरात आज माझं लग्न आहे. वेळ वाचावा म्हणून मी मुंडावळ्या बांधूनच बसले आहे.

शेजारचे बोरोले काका पिशवीत हिरवी केळी घेऊन चढले होते. ती पिवळी झाली.

"काय नवरीबाई, मुहूर्त केव्हाचा?"

"टळत आला."

"आमच्या केळ्यांचाही."

माझा फोन वाजला. हवाई सुंदरी म्हणाली, "घ्या, मांडवातून आहे."

सदामामा होते. नवरीला मामानं मांडवात आणायचं असतं, म्हणून ते माझ्या रिकाम्या पाटामागे उभे होते.

"कुठं हाईस गं?"

"चाळीस मिनिटं, मामा."

"मघापासनं चाळीसच म्हणतीयास. पर काळजी करू नगं. मुहूर्त टळू देत न्हाई आम्ही. आठ मंगलाष्टकं झाली, तरी अंतरपाट धरून ठेवलाय. आता तुझी आत्या नववं म्हणतीया."

फोनमधून आत्याचा आवाज येऊ लागला आणि पडद्यावरचा आकडा चढू लागला. कडवं संपलं, आकडा थांबला. आत्यानं श्वास घेऊन दहावं सुरू केलं. आकडा पुन्हा चढला.

मी आणखी दोन कडवी ऐकून पडताळून पाहिलं. विमान जेवढं अंतर कापत होतं, तेवढंच मंगलाष्टकं परत घालत होती.

"मामा, म्हणणं थांबवा."

"थांबलो तर अंतरपाट काढावा लागंल. आन् तू न्हाईस."

"तुम्ही म्हणताय म्हणून मी नाही."

"असं कसं बोलतीस? विश्वजीत हार धरून उभा हाय, हात भरून आलेत त्येचे. तुझ्यासाठीच म्हणतोय की समदी."

मला आम्हा दोघांचंही म्हणणं बरोबर वाटलं. काकांच्या केळ्यांवर काळे ठिपके उमटले होते.

"थांबवा," मी म्हणाले.

आत्या ओळीच्या मध्येच थांबली. चाकं जमिनीला टेकली.

हवाई सुंदरीनं मला दारापर्यंत नेलं. दार उघडलं होतं. शिडी लावलेली नव्हती. उंबऱ्यावर पाट मांडला होता, त्यावर मी उभी राहिले. दारात पांढरं कापड आडवं धरलं होतं, मधोमध कुंकवाचं स्वस्तिक. एक टोक तिनं पकडलं, दुसरं बोरोले काकांनी.

"आटपा बाई," काका म्हणाले, "केळी मऊ पडली."

फोन अजून कानाशी होता. मामांनी विचारलं, "पोचलीस न्हवं?"

"हो."

"मग सावधान."

कापड बाजूला झालं. विमानाच्या छतातून माझ्यावर अक्षता पडल्या. समोर धावपट्टी सरळ आणि रिकामी होती. तिच्या दुसऱ्या टोकाला विश्वजीत उभा होता, माझ्या तळहातावरच्या तांदळाच्या दाण्यापेक्षा लहान. त्याच्या उंचीवरून मी अंतर काढलं. पाचशे किलोमीटर. सकाळचंच.

त्यानं हार उचलला. मी मान पुढे केली.