मनीचं दुकान

"मालकाचं नाव काय लिहू, मावशी?"

सुकेशनीची बोटं लॅपटॉपवर थांबली होती. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीतलं घोंगड्यांचं दुकान. तिन्ही भिंतींना काळ्या घड्या छतापर्यंत रचलेल्या, आणि त्या लोकरीच्या वासात मनकर्णाबाई मांडी घालून बसलेल्या.

"कडुबा," त्या म्हणाल्या.

"आई, माझं लिवायला सांग," राजेंद्र दारातून म्हणाला. "आबाला जाऊन तीन वर्सं झाली."

"जाऊन नाय. भायेर गेलेत."

मायलेकांचा हा वाद जुना होता. कडुबांना सत्तरीत विसर पडू लागला. आधी गिऱ्हाइकांचा, मग नातवंडांचा. एका दुपारी "मेंढरं बघून येतो" म्हणून ते पायांत वहाणा घालून निघाले. मेंढरं विकून तेव्हा वीस वर्षं झाली होती. तक्रार झाली, जालन्यापर्यंत फोटो चिकटवून झाले. आता भाऊबंद म्हणत होते, गवताचा पुतळा करा आणि क्रियाकर्म उरका. राजेंद्रने येती अमावास्या कबूल केली होती. मनकर्णाबाईंनी केली नव्हती. कुंकू रोज लागत होतं.

सुकेशनी गल्लीतलीच. पदवी घेऊन ती छोट्या दुकानदारांची संकेतस्थळं करून देई. तिने 'कडुबा' लिहिलं आणि म्हणाली, "हे पानावर माणसांना दिसतं. पण त्याच्या आतल्या बाजूनं मी अजून चिठ्ठ्या लावते. हे नाव, हा पत्ता, ही वेळ, असं वेगवेगळं. ते माणसांना दिसत नाही. शोधणारं यंत्र तेवढं वाचतं, आणि विचारणाऱ्याला दुकान दाखवतं."

"कुठूनबी विचारलं तरी?"

"कुठूनबी."

मनकर्णाबाई तिच्याकडे पाहत राहिल्या. पूर्वी पत्त्याला माणूस लागत असे. चौघांना विचारलं की पाचवा हाताला धरून दारात आणून सोडायचा. आता माणसांच्या जागी हे न दिसणारं काहीतरी बसलं होतं. बसू दे. हाताला धरून आणलं म्हणजे झालं.

"सुट्टी?"

"आईतवार. त्या दिवशी शहराला लागूनच्या साताऱ्याच्या खंडोबाला जायचं. यांचा नेमच हाय."

पंधरा दिवसांनी सुकेशनी पुन्हा आली ती जरा बावरलेली. "मावशी, दुकानाला दुसरं काही नाव हाये का? मनीचं दुकान?"

घडी घालणारे हात थांबले. मनी म्हणणारं माणूस जगात एकच होतं. तेही चारचौघांत कधी नाही. लग्नानंतर माळावर मेंढरं बसवायचे तेव्हा, दोघंच असताना. राजेंद्रलाही हे नाव ठाऊक नव्हतं.

"तुला कोनी सांगितलं?"

"कुणीच नाही. पानावर हा शब्द कुठंच नाही. आतल्या चिठ्ठ्यांतही नाही. तरी पानावर कोण येतं त्याच्या नोंदीत दिसतं, हे नाव शोधून कुणीतरी नऊ वेळा नेमकं आपल्याच पानावर आलंय. रोज एकदा."

"कुठून?"

"गाव अंदाजेच कळतं. जालन्याकडून इकडं येताना लागतात तशी. आधी बदनापूर. मग करमाड. काल शेंद्रा."

"पायी येऊ लागलेत," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"काय बोलू ऱ्हायली आई!" राजेंद्र उठलाच. "आबाला अक्षरवळख नव्हती. फोन तर कानाला उलटा धरायचे."

"आता बोलून इचारत्यात की फोनला. घेतला असंल कोनाचा तरी."

"कुनीतरी मस्करी करू लागलंय."

"ते नाव घेऊन?"

मनकर्णाबाईंनी सुकेशनीच्या पाठीवर हात ठेवला. "बाई, ते नाव आत लिवता येतं का?"

"दुसऱ्या नावासाठी एक जागा असते."

"लिव मग."

सुकेशनीने लिहिलं. दुसऱ्या दिवशी शहराच्या वेशीवरचं चिकलठाणा आलं.

मग रविवार आला. मनकर्णाबाई नेमाप्रमाणे कुलूप लावून साताऱ्याला गेल्या, देवावर भंडारा उधळून नेहमीचंच मागणं मागून आल्या. सोमवारी शटर वर केलं तर पायरीवर मेंढरांच्या लेंड्या. ताज्या, चार-पाच मुठी. ह्या गल्लीत दुचाकी वळायला जागा नाही, कळप कुठून येणार? बकरी चुकली असेल कुणाची, असं म्हणून त्यांनी केरसुणी घेतली. लोटून झालं आणि सुकेशनी आली. आत न येता उभीच राहिली.

"मावशी, काल भर दुपारी शहरातूनच. इथंच कुठंतरी. 'मनीचं दुकान उघडं हाय का', असं विचारलंय."

"मग? यंत्रानं काय सांगितलं?"

सुकेशनीने ओठ ओले केले. "आपणच लिहिलंय ना, रविवारी बंद. तेच सांगितलं असणार."

केरसुणी हातातच राहिली. मनकर्णाबाईंनी पायरीकडे पाहिलं. पायरी स्वच्छ होती.

त्यानंतर ते नाव कुणी शोधलं नाही. मंगळवार गेला, बुधवार गेला. गुरुवारी त्यांनीच सुकेशनीला बोलावलं.

"सातीबी दिवस उघडं लिव. रातंदिवस."

"मावशी, खोटं लिहिलं की यंत्राचा भरवसा उडतो. मग ते आपलं दुकान कुणालाच दाखवत नाही."

"खोटं कोन लिवू लागलं?"

संध्याकाळी त्यांनी अंथरूण, तांब्या आणि औषधाच्या गोळ्या दुकानात आणल्या. राजेंद्रने विनवलं, रागावला, शेवटी पायरीवर बसला. "अमावास्येला पाव्हने येनार हायेत, आई. काय सांगू त्यांना?"

"सांग, दुकान उघडं हाय."

त्याने उठून तांब्या भरून आणला, अंथरुणाशी ठेवला. मग फोन काढून त्याने एकेका पाहुण्याला सांगितलं, येऊ नका.

रविवारी दुपारी गल्ली चिडीचूप होती. सगळी शटरं खाली, एक सोडून. सुकेशनी डबा घेऊन आली. पायरीपाशी पोचते तोच तिचा फोन थरथरला. तिने वाचलं आणि ती थबकली.

"काय गं?"

"तुम्ही या दुकानाजवळ आहात. दुकान आत्ता उघडं आहे का? असं विचारतंय."

"कोन इचारतंय?"

"कुणी नाही, मावशी. यंत्रच विचारतं असं, येणाऱ्याजाणाऱ्याला."

मनकर्णाबाई गुडघ्यांवर हात टेकून उठल्या. उंबऱ्याशी आल्या. मोकळ्या गल्लीत दोन्ही टोकांपर्यंत पाहून घेतलं, आणि मग, मोठं माणूस समोर उभं असावं तसा, पदर डोक्यावरून नीट घेतला.

"कुठं दाबायचं?"

सुकेशनीने दाखवलं. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि 'हो'वर ठेवलं.