नागवेलीचे दहावे पान

सुज्ञ वाचकहो, आमच्या नागवेलीने या परभूमीवर जी परीक्षा दिली, तिचा वृत्तान्त मी यथामती निवेदन करणार आहे. माझे शिक्षण आठवीपर्यंतचे असल्याने उणेअधिक ते आपण पोटात घालावे.

आमचा पानमळा मिरजेकडे होता. लेकीच्या लग्नात गणपतीपुढे मांडावयाचे पाच विडे, म्हणजे दहा पाने, घरच्याच वेलीची असावीत, असा आमचा कुळाचार. माझी कन्या ईशिता हिचा विवाह सन २००६ च्या ऑगस्टात येथे लंडनजवळच्या हाउन्सलोत योजिला होता. नॉटिंगहॅमच्या एका बंगाली गृहस्थांनी दिलेले बेणे मी तीन वर्षांपूर्वीच घरामागील काचेच्या खोलीत लावले होते. वेल छताला टेकली, परंतु पाने रुपयाएवढी निघू लागली. अशा वेळी वेल आधारावरून उतरवून, वेटोळे करून मातीत पुरावी लागते. तेव्हाच जोमदार फुटवा येतो. मार्चमध्ये मी तो निश्चय केला.

"अहो, धडधाकट वेल कसली पुरताय? लग्न पाच महिन्यांवर आलंय!" पत्नी मीनाक्षी म्हणाली.

"म्हणूनच पुरतोय."

विमानतळावर माझ्यासमवेत सामान चढविणारा शेजारी पद्माकर तर खो खो हसला. "मुरल्या, साउथॉलच्या बाजारात पानं खोक्यांनी येतात. तू कर जिवंत वेलीचं दफन!"

"बाबा, वर नाही आली तर माझ्या पूजेला काय?" ईशिता म्हणाली. "प्लॅन बी आहे ना?"

"नाही," मी उत्तरलो.

एप्रिल गेला, मे गेला. माती निश्चल राहिली. पानमळ्यात वहाण चालत नाही, म्हणून मी प्रत्यही अनवाणी आत जाऊन ती बोटाने चाचपीत असे. मीनाक्षीने बोलणे सोडले, पण हीटर मात्र तीच लावून ठेवी. जूनच्या आरंभी कोंभ दिसला. तो मी तिच्या जुन्या सुती साडीच्या चिंधीने काठीस बांधला.

विवाहाच्या प्रातःकाळी ईशिता मेंदीभरल्या हातांनी आली आणि दाराशी, न सांगता, सँडल काढून आत शिरली. आम्ही दोघांनी पाने मोजली. तयार पाने नऊ भरली. दहावे तांबूस, कोवळे होते.

"घ्या ना बाबा. कोण बघतंय?"

"कोवळं पान खुडायचं नाही, बाळ. वेल खचते."

इतक्यात पद्माकर ओल्या फडक्यात गुंडाळलेले साउथॉलचे एक पान घेऊन दारात उभा राहिला. "मीनाक्षीवहिनींचा काल फोन आला होता, एक पान कमी पडेल म्हणून. आत येऊ का?"

"बूट काढ आधी," मी म्हणालो.

पाचव्या विड्यात एक पान आमचे व एक त्याचे, असे मी गुरुजींना स्पष्ट सांगूनच मांडले. ते कोवळे पान पुढे तळहाताएवढे झाले. ते मी पद्माकरच्या घरी स्वतः नेऊन दिले.

हे आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत ऋणी आहे.

आपला नम्र,
मुरलीधर बापू खाडे, हाउन्सलो