नव्या चौकातली दुपार

“आधी या चित्रात माझं दुकान कुठाय ते दाखव,” मिस्टर टिब्स म्हणाले. हातातला बूट त्यांनी खालीही ठेवला नव्हता.

लोरेनाने कमानींच्या रांगेतल्या एकीवर बोट ठेवलं. “हे तुमचं. त्याला लागून माझं सलून. मधोमध कारंजं. गाड्या नाहीत, सगळी माणसं पायी. इटलीत असतं ना, तसं.”

“इटलीला जाऊन आलीस वाटतं?”

“तुम्ही तरी कुठं गेलात?”

“मी आपल्या शेजारच्या टोलेडोच्या पलीकडे गेलो नाही, पोरी. आणि माझं काही अडलंही नाही.”

ओहायोतल्या त्या शहराचे कारखाने केव्हाच बंद पडले होते. गावाच्या मध्यभागी उरलं होतं ते पार्किंगचं अफाट डांबरी मैदान आणि त्याच्या कडेला बसक्या दुकानांची एक रांग. तिथे लोरेना बायकांचे केस कापायची, शेजारी ऑर्व्हिल टिब्स बूट दुरुस्त करायचे. मग नगरपालिकेने युरोपातल्यासारखा चौक बांधायचं ठरवलं आणि वाचनालयात त्याची चित्रं लावली. लोरेना ती बघायला गेली, हरखूनच गेली आणि एका चित्राची प्रत घेऊन आली. नवरा गेल्यापासून दुकानाच्या काचेतून तिने फक्त डांबर बघितलं होतं. चित्रात म्हातारी माणसं बाकांवर बसली होती, बाया उभ्या उभ्या गप्पा मारत होत्या. आपल्या गावालाही असं काही मिळावं असं तिला वाटलं. त्यात गैर काय होतं?

जुन्या दुकानदारांना आधी जागा देऊ, असं साहेब लोक सभेत म्हणाले. बाकीचे आपली दुकानं सोडायला तयार झाले. अडून बसले ते टिब्स. त्यांची बायको हेझल अंथरुणाला खिळली होती तेव्हा लोरेना घरी जाऊन तिचे केस धुऊन द्यायची, म्हणून ते ऐकतील तर लोरेनाचंच, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

“तुझा शब्द?” त्यांनी विचारलं.

“माझा शब्द.”

त्यांनी दुकान सोडलं.

चौक झाला. सुंदर झाला, हे लोरेनाही नाकारत नव्हती. जुन्या दुकानदारांना जागा देऊ केल्या, पण तिथलं भाडं त्यांच्यातल्या एकालाही झेपणारं नव्हतं. लोरेनाने बोट ठेवलेल्या कमानीखाली आता सुगंधी साबणांचं दुकान होतं. ती हायवेवरच्या मॉलमध्ये दुसऱ्याच्या सलूनात डोकी धूत होती. टिब्सचा धंदाच बंद झाला आणि ते पुतणीच्या घरी मागच्या खोलीत राहायला गेले. त्यांनी तिला कधी एका शब्दानेही टोचलं नाही. टोचलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटायचं.

एकदा त्यांचाच फोन आला. “तुझा तो चौक दाखव की.”

रविवारी ती त्यांना घेऊन आली. ते टाय लावून आले होते. कमानी, दगडी फरसबंदी, कुंड्यांमधली फुलं, सगळं त्यांनी सावकाश बघितलं आणि बाकावर टेकले.

“चांगलं केलंय. हेझलला आवडलं असतं.”

थोड्या वेळाने ते तिच्याकडे झुकले. “पोरी, इथं बाथरूम कुठाय?”

तिने आजूबाजूला बघितलं. कुठेच नव्हतं. ती कॅफेत धावली.

“बाहेर आमचे एक म्हातारे गृहस्थ आहेत. त्यांना बाथरूमला जायचंय.”

“ते फक्त गिऱ्हाइकांसाठी आहे, मॅम,” काउंटरवरची मुलगी गोड हसली. “दार उघडायचा कोड पावतीवर छापून येतो.”

“कॉफी घेते ना मी. त्यांना आधी जाऊ दे.”

“रांगेत याल का, प्लीज?”

रांगेतला एकजण बाजूला झाला. त्याच्या पुढच्या बाईला मात्र कुठलं दूध घालावं ते ठरेना. पावती मुठीत धरून लोरेना बाहेर पळाली.

टिब्स मान खाली घालून बसले होते. फिकट पँट मांड्यांपर्यंत काळपट झाली होती. बाकाखालच्या फरशांच्या सांध्यांतून बारीक ओघळ पुढे सरकत होता. शेजारच्या टेबलावरच्या दोघींनी खुर्च्या दूर ओढून घेतल्या होत्या.

“राहू दे आता,” ते म्हणाले.

लोरेनाने अंगातला कोट काढला, त्यांच्या कमरेला गुंडाळला आणि बाह्यांची पुढून गाठ मारली. वारा बोचरा होता.

“कडेकडेनं जाऊ या,” ती पुटपुटली.

“कशाला?” टिब्स उठले. त्यांनी हॅट डोक्यावर सारखी केली आणि चर्चमधल्या लग्नात चालताना देतात तसा कोपर तिच्यापुढे केला. तिने तो धरला.

दोघं टेबलांच्या मधून निघाली. बोलणी थांबत गेली. टिब्स कुणाकडेही न बघता चालत होते. लोरेना मात्र एकेकाच्या डोळ्यांत बघत होती.