करंजाचं तेल प्यालेलं इंजिन

मी एक जुने डिझेल इंजिन आहे, मित्रांनो. अर्धापूरच्या शिवारात, केळीच्या बागेच्या कडेला, पत्र्याच्या खोपटात माझा मुक्काम. व्यंकटीरावांनी मला बैलगाडीतून इथे आणले तेव्हा माझा हिरवा रंगही ओला वाटावा इतका नवा होता. हँडल मारले की मी धडधडत उठे आणि विहिरीचे पाणी पार शेवटच्या सरीला पोचवी. "वाघ हाय आपला!" व्यंकटीराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

मग विजेची मोटर आली. व्यंकटीराव वारले. माझ्यावर गोणपाट पडले आणि बारा वर्षे मला कोणी हात लावला नाही.

यंदा वैशाखात गावचा ट्रान्सफॉर्मर जळाला. सहा दिवस वीज नाही. केळी नुकत्या निसवलेल्या, घड बाहेर पडू लागलेले, आणि पाने कडेने करपू लागली. व्यंकटीरावांच्या पत्नी पारूबाईंनी मारोती मेकॅनिकला बोलावले. त्याने मला वरवर पुसले, टाकीत डिझेल ओतले, चालू केले. मी काळाकुट्ट धूर ओकला. पारूबाईंना दमा आहे. त्या खोकत खोकत बांधावर बसल्या, आणि मला बंद करावे लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांची लेक लुंबिनी आली. ती नांदेडच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. तिच्या हातात एक कॅन होता.

"माय, ह्यात करंजाच्या बियांचं बायोडिझेल हाय. धूर कमी व्हतो ह्यानं."

"दिव्यातलं त्याल इंजिनाला पाजून राहिलीस व्हय, लुंबे?"

"कच्चं न्हाई, माय. कच्चं तेल लई जाड असतं, इंजिन चोंदतं. आम्ही लॅबमधी त्याला पातळ केलंय. चार लिटर डिझेलात एकच लिटर घालायचं."

"इंजिन बिघडंल बघा," म्हणत मारोतीने ते मिश्रण माझ्या टाकीत ओतले आणि हँडल मारले.

मित्रांनो, मी आजवर जमिनीच्या पोटातले तेल प्यालो होतो. आता झाडाने उन्हातान्हात उभे राहून बनवलेले तेल माझ्यात पेटले! झाडाखाली पडणारी ती चपटी बी, आणि तिच्या बळावर माझे मणामणाचे चाक फिरत होते!

पण अर्ध्या तासात मी गुदमरलो आणि बंद पडलो.

"म्या म्हणलं नव्हतं? ह्या तेलानं इंजिन खाल्लं!" मारोती ओरडला.

लुंबिनीचा चेहरा उतरला. तरी ती म्हणाली, "मारोतीमामा, फिल्टर तर उघडा."

फिल्टर काळ्या चिखलाने गच्च भरला होता. मारोतीने तो चिखल बोटांत चोळून पाहिला. "हा तर टाकीतला जुना गाळ हाय," तो हळूच म्हणाला.

"हाव मामा. नव्या तेलानं तो सुटून आला."

मला फार लाज वाटली. घाण माझी आणि आळ करंजावर!

त्यांनी टाकी धुतली, फिल्टर बदलला, चिरलेला रबरी पाइपही नवा घातला. हँडल फिरले. या वेळी धूर विरळ होता आणि कुठे तळण चालू असावे तसा वास सुटला होता. पारूबाई नाकाला पदर न लावता माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. सांजेला पाणी शेवटच्या सरीत शिरले, तेव्हा त्यांनी मला हात जोडले.

लुंबिनीने आता बांधावर करंजाची रोपे लावली आहेत. ती फळायला पाच-सहा वर्षे लागतील, असे ती म्हणते. तोवर माझी टाकी स्वच्छ ठेवा, फिल्टर वेळेवर बदला, मित्रांनो. मला त्या झाडांचे तेल चाखायचे आहे.