मॅग्डलीनचा बर्फ

पास्कलचा हिशेब सरळ होता. ठोसा चुकवला तर नुसता गाल वाचतो; खाल्ला तर मॅग्डलीन बर्फ लावते. पाचूबंदरच्या बाजारात मासळी विकून ती संध्याकाळी आपल्या मामांच्या बॉक्सिंग क्लासात यायची, टोपलीतला उरलेला बर्फ फडक्यात बांधून. सुरमईचा वास असलेल्या त्या गार बोटांसाठी पास्कल हात खाली ठेवून मार खायचा, वर हसायचा.

त्यामुळे त्याचं नाव झालं. "हा पडत नाय, खडक आहे खडक!" असं मामा नव्या पोरांना सांगायचे. वसईभरचे बॉक्सर त्याला मारून बघायला यायचे.

मग ग्लेन आला. पहिल्याच दिवशी पास्कलचा हलकासा ठोसा त्याच्या नाकावर बसला आणि तो किंचाळला, "आई गं, मेलो!"

तेवढ्यात मॅग्डलीन आली. पास्कलचाही ओठ फुटला होता. त्यानं सवयीनं गाल पुढे केला. ती त्याच्यासमोरून थेट ग्लेनकडे गेली.

"मॅगी, मलापन लागलंय गं."

"चल, खोटारड्या! तुला कधी लागलंय? याचं नाक बघ, बिचाऱ्याचं."

मामा हसले. पास्कलला ओरडता आलं असतं. पण त्याला हसायचीच सवय.

हल्ली चर्चमध्ये रविवारच्या मिस्साला मॅग्डलीन ग्लेनबरोबर येते. बाजारात सुरमईचा वास आला, की पास्कलचा गाल अजून आपोआप पुढे होतो. इतकी वर्षं ठोसे त्यानं खाल्ले. ग्लेननं एकच खाल्ला, तोही पास्कलनंच दिलेला.