तांड्यावर दिलेला शब्द

महागावहून यवतमाळला जाणारी सकाळची बस आमच्या फाट्यावर येते तेव्हा भरलेलीच असते. भुरीबाई एक थांबा आधी, तांड्यावरून चढते. त्या दिवशी तिनं शेजारच्या सीटवर रुमाल टाकून माझी जागा धरली होती. मी तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला चालले होते, हे तिला ठाऊक होतं.

"बस वं," ती म्हणाली. "कोर्टात उभंच राहा लागते."

भुरीबाईची तुरीची डाळमिल आहे. आधी ती तांड्यावर होती, नगरपंचायतीच्या हद्दीबाहेर, म्हणून टॅक्सच्याही बाहेर. तीन वर्षांपूर्वी नगरपंचायतीनं ठराव केला, गावात कारखाना आणेल त्याला दहा वर्षं टॅक्स माफ. ठराव मांडला मी. विहारातल्या महिला मंडळात मला चार शब्द बोलता येत होते म्हणून मी नगरसेविका झाले होते. बोलणाऱ्या बाईला ठराव मांडायला देतात, लिहायला देत नाहीत.

बदल्यात भुरीबाईकडून स्टॅम्पपेपरवर बंधपत्र घेतलं. दहा वर्षं मिल हद्दीबाहेर नेणार नाही, गावातल्या दहा बाया कामावर ठेवीन, एक जरी कमी झाली तर मिल जप्त. तिनं सही केली. स्वतःसाठी मात्र कागद मागितला नाही. तिची रीत वेगळी.

"नसाबीत येऊन सांग," एवढंच म्हणाली.

नसाब म्हणजे तांड्याची पंचायत, नायक तिचा प्रमुख. नायकासमोर दिलेला शब्द तिथं कोणी परत घेत नाही. मी गेले. लिंबाखाली चाळीस माणसांपुढं उभी राहून सांगितलं, दहा वर्षं टॅक्स नाही. लोकांनी ऐकलं, चहा दिला, त्यांच्या लेखी विषय संपला.

तर असं झालं. तिनं कागद दिला आणि शब्द घेतला.

यंदा नगरपंचायतीत नवे मुख्याधिकारी साहेब आले. त्यांनी फाइल उघडली, तर ठरावाला जिल्ह्याची मंजुरीच नाही. कोणी मागितलीच नव्हती. मग माफी रद्द, तिन्ही वर्षांचा टॅक्स भरा, नाहीतर मिलला सील. "तर मग मी मिल तांड्यावर वापस नेतो," भुरीबाई म्हणाली. ते जमत नाही, साहेब म्हणाले, तुमचं बंधपत्र आहे. त्यांचा ठराव कच्चा निघाला, तिची सही पक्कीच राहिली. तिनं दावा लावला आणि कोर्टानं निकालापर्यंत सगळं जैसे थे ठेवायला सांगितलं. सील नाही, पण मिल हलवायची नाही आणि दहा बायांतली एक कमी करायची नाही.

आर्णी गेल्यावर तिनं डबा उघडला. भाकर मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली.

"ममता बरी हाय?"

"हाव," मी म्हणाले.

ममता माझी लेक. नगरपंचायतीत कॉम्प्युटरवर बसते, कंत्राटावर. आदल्या दिवशी अध्यक्षांचा फोन आला होता. "ताई, ममताचं कंत्राट पुढच्या हप्त्यात नवं करा लागते. साक्षीत एवढंच म्हणा, मंजुरी लागेल असं मी बाईले सांगतलं होतं." आवाज अगदी मायेचा. मायेनं बोलले की मला त्यांची जास्त भीती वाटते.

कोर्टात नगरपंचायतीच्या वकिलांनी तेच विचारलं. मी भुरीबाईकडं पाहिलं नाही.

"मंजुरीचं मी काही सांगितलं नाही," मी म्हणाले. "दहा वर्षं टॅक्स नाही, एवढंच सांगितलं."

वाटलं, आता ते चिडतील. ते नाही चिडले.

"म्हणजे अधिकार नसताना तुम्ही शब्द दिला?"

"हो."

"मग तो तुमचा शब्द झाला. नगरपंचायतीचा नाही."

आणि बसले. खोटं बोलले असते तर भुरीबाई मूर्ख ठरली असती, खरं बोलले तर मी ठरले. नगरपंचायत दोन्हीकडून कोरडी.

भुरीबाईचा वकील धरमसिंग उठला. तिच्याच तांड्यावरचा पोरगा, कोट अजून खांद्यावर ढिला.

"ताई, त्या दिवशी तांड्यावर कशानं गेलत्या?"

"जीपनं."

"कोणाच्या?"

अध्यक्ष मागच्या बाकावर होते. त्यांनी मोबाइल खिशात ठेवला आणि माझ्याकडं पाहत राहिले. मला ममताचं गळ्यातलं ओळखपत्र आठवलं. रोज सकाळी ती ते ओढणीनं पुसते.

"नगरपंचायतीच्या," मी म्हणाले. "अध्यक्ष पुढं बसले होते. नायकाशेजारी खाटेवर तेच बसले. मी बोलले तेव्हा मान हलवत होते."

"बोलायला कोणी सांगितलं?"

"त्यांनीच. म्हणाले, बाया तुमचं ऐकतात."

न्यायाधीशांनी ते टाइप करून घेतलं. पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची. तोवर जैसे थे.

परतीच्या बसमध्ये ममताचा फोन आला. "आई, उद्यापासून येऊ नको म्हणले." रडत नव्हती. रडली असती तर बरं वाटलं असतं. "घरी आल्यावर बोलू," म्हणून मी फोन ठेवला.

भुरीबाईला सांगावं लागलं. आर्णी येईपर्यंत ती बोटांवर काहीतरी मोजत होती. मग म्हणाली, "माह्या दहा बायांतली दीपा परवा सासरी गेली. सोमवारी साहेब मोजाले येते."

"ममतानं बी.कॉम. केलं आहे, बाई."

"बंधपत्रात शिक्षणाची अट नाही."

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला.

"किती दिवस?"

"निकाल लागला तर लागला. नाहीतर सात वर्षं उरले."

सात वर्षं. तोवर ममता पस्तिशीला येईल, टरफलाच्या धुळीत. आणि नाही म्हणावं, तर सोमवारी साहेब नऊच बाया मोजतील.

मी फोन लावला. "ममता, लहानपणी धुळीनं तुला शिंका यायच्या. आता येतात काय?"

"काहून?"

भुरीबाईनं फोनसाठी हात पुढं केला. "आण इकडं, मी सांगतो तिले. चांगलं ठेवीन म्हणून सांगतो."

मी फोन दिला नाही. ममताच्या वतीनं आता कोणी कोणाला शब्द द्यायचा नव्हता.

"विचारायचं आहे," मी म्हणाले. "भुरीबाईच्या मिलमध्ये दहावी म्हणून येशील काय? तू नाही म्हणू शकते."

भुरीबाईनं रुमालाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.