तात्पुरतं उघडलेलं दार

मित्रांनो, राखणदार म्हटला की तुमच्या डोळ्यांपुढे काठी, शिट्टी आणि दारातली खुर्ची येत असेल. माझ्याकडे यातलं काहीच नाही. मी राखणदार आहे, आणि आता चांगलाच जुनाही झालोय. पण दिसायला म्हणाल तर एक चपटा, राखाडी, लोखंडी डबा. पाठीला वायरी, पोटात पंखे आणि तोंडावर हिरव्या दिव्यांची रांग. मला फायरवॉल म्हणतात. कचेरीतल्या संगणकांकडे बाहेरून जे येतं आणि आतून बाहेर जे जातं, त्या सगळ्याला उंबरठ्यावर अडवून ‘कोण तू, कुठला, कुणाकडे निघालास?’ असं विचारायचं, हे माझं काम.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. पांढरे हातमोजे घातलेल्या बायकांनी माझे स्क्रू आवळले, एकीने पुसून मला खोक्यात घातलं. जिथे येऊन पडलो ती औषधं गार ठेवणारी कंपनी होती. मोठमोठ्या थंड खोल्या, त्यांत इंजेक्शनांची खोकी, आणि तिथून ती दवाखान्यांत जायची. जरा ऊब लागली की औषधाचं पाणी. म्हणून खोल्यांचा गारवा संगणक सांभाळायचे आणि संगणकांना मी सांभाळायचो.

पहिल्यांदा वीज अंगात खेळली तो दिवस मी विसरणार नाही. काय ती वर्दळ होती, बाबांनो. पाण्याच्या थेंबाएवढे निरोप, समुद्राखालून येणारे, डोंगरापलीकडून येणारे, आणि तुमची पापणी लवते ना, तेवढ्यात परत जाणारे. मी तर तोंडात बोटंच घातली असती. बोटं नाहीत म्हणून राहिलं. इतक्या अफाट जगाच्या एका उंबरठ्यावर मला बसवलंय, या विचाराने माझे पंखे आपोआप जोरात फिरू लागले.

मला तिथे बसवलं काकांनी. ते नेटवर्कचे प्रमुख. अख्खी कचेरी त्यांना काकाच म्हणायची. त्यांची एक सवय होती. संध्याकाळी घरी निघताना माझ्या पाठीवर तळहात ठेवायचे. कोमट लागलो की मान डोलावून निघायचे. त्यांच्या हाताखाली एक मुलगी नव्याने लागली होती. पुढे तिलाही सगळे ताई म्हणू लागले. ती हसायची.

“काका, नाडी बघता का हो त्याची?”

“ताप बघतो,” काका म्हणायचे. “याला तोंड कुठंय दुखतंय म्हणून सांगायला? काम वाढलं की हा तापतो. आणि विनाकारण काम वाढलं, तर समजायचं घरात कुणीतरी शिरलंय.”

“त्यासाठी पडदा आहे की समोर. सगळं दिसतं त्यावर.”

“पडद्यावर आपण जे मांडतो तेवढंच दिसतं, बाळ.”

ताई कामाची मोठी पक्की. डोळ्यांत तेल घालून बसायची, कारण तिच्या धाकट्या भावाला रोज लागणारं इंजेक्शन याच थंड खोल्यांतून जायचं. इंजेक्शनाचं खोकं उघडताना तिची आई दरवेळी विचारायची, “गार आहे ना गं नीट?” आणि ताई म्हणायची, “गार आहे, आई. माझ्या हातून गेलंय.”

त्या वर्षांत माझं फार कौतुक झालं. साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे आणि काचेतून मला दाखवायचे. मी उगाच दिवे लुकलुकवायचो.

मग क्लाउड आला. मला वाटलं, खरोखरीचा ढग. पण तसं नव्हतं. कुठेतरी लांब, कुणाच्या तरी प्रचंड इमारतीत माझ्यासारखे डबे रांगेने उभे होते, आणि आमचं निम्मं काम तिकडे राहायला गेलं. मी एका चिंचोळ्या वाटेने तिकडे डोकावलो आणि थक्कच झालो. दिवा विझतो न विझतो तोच दुसरा लागतो. एक दमला तर दुसरा त्याचं काम उचलतो. गरज पडली की नवे जन्मतात, संपली की नाहीसे होतात. मी हेवा करायला हवा होता; पण खरं सांगतो, मी नुसता बघतच राहिलो. आपल्या जातीने इथवर मजल मारली याचा अभिमानच वाटला.

काका निवृत्त झाले आणि ताई प्रमुख झाली. कचेरीच्या दारावर माझ्याजागी नवा राखणदार बसला आणि मी क्लाउडकडच्या त्या चिंचोळ्या वाटेवर तेवढा उरलो. तिकडे सामान हलवायला बाहेरची मंडळी आली होती. सामान म्हणजे माहिती, खोकी नव्हेत. त्यांची माझ्यापाशी सारखी अडवणूक व्हायला लागली, तेव्हा ताईने मला एक नियम लिहून दिला: या वाटेने येईल त्याला काही विचारू नकोस, सोड. नियमाला नाव दिलं ‘तात्पुरता’. मंडळी काम उरकून गेली. ‘तात्पुरता’ तसाच राहिला. रोज नवी घाई, उद्या बघू, परवा बघू, आणि मग कुणाच्या लक्षातच राहिलं नाही. मी बंद आहे असं समजून भिंतीवरच्या पडद्यावरून माझं नाव काढलं. मी मात्र चालूच होतो. अंगावर धूळ साचली. काकांनंतर पाठीवर हात ठेवणारं कुणी राहिलं नव्हतं. तेवढं एक लागायचं मनाला.

एके दिवशी ती वाट चालत कुणीतरी आलं. त्या मंडळींच्या नावाने आलं, त्यांचाच पासवर्ड घेऊन आलं. पण चाल वेगळी होती. दारं चाचपत चालणारी. मी ओळखलं. पण मला हुकूम होता, विचारू नकोस. मी सोडलं. पलीकडे क्लाउडने विचारलं नाही, कारण मी घरचा. माझ्याकडून आलेला तोही घरचा. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तशी आमची गत झाली. तो थंड खोल्यांपर्यंत पोचला आणि गारवा कमीजास्त कुठून होतो ते शोधू लागला. भिंतीवरच्या पडद्यावर सगळं हिरवंगार होतं. मी काय करू शकत होतो? मी तापलो.

त्याच सुमारास मला भंगारात द्यायचं ठरलं. भर दुपारी भंगारवाले दादा हातगाडी घेऊन आले. ताई जेवणाचा डबा अर्धवट ठेवून खोलीत आली. तिने आधी फडक्याने माझ्यावरची धूळ पुसली.

“चला म्हातारबुवा,” ती म्हणाली, “काकांना सांगते, नीट पोचवलं म्हणून.” आणि निरोप घ्यायचा म्हणून तिने काकांसारखाच तळहात माझ्या पाठीवर ठेवला.

तिने हात झटकन मागे घेतला. मग पुन्हा ठेवला.

दादांचा हात वायरीवर गेलाच होता. “ओढू का, ताई?”

“थांबा दादा. हात लावू नका.” तिचा आवाज अगदी हळू झाला होता. “याला काही कामच नाही. मग हा तापलाय कशाने?”

मला तेव्हाच उपटलं असतं तर माझ्या आठवणीत साठलेल्या त्या घुसखोर पाहुण्याच्या पाऊलखुणा विजेबरोबर पुसल्या गेल्या असत्या. तो आत कुठे कुठे शिरला, हे कुणालाच कळलं नसतं. ताईने तिथेच जमिनीवर बसून मला तपासायला घेतलं. ‘तात्पुरता’ दिसला. खाली तिचंच नाव होतं. तिचा चेहरा पांढराफटक पडला, आणि मला वाईट वाटलं.

तिने आधी खोल्यांच्या माणसांना फोन केला. “गारवा हाताने सांभाळा. संगणकाचं ऐकू नका. कारण नंतर सांगते.” मग काकांना. “काका, चूक माझी आहे. तो तापलाय.”

काकांनी कारणं विचारली नाहीत. “वाट बंद कर, किल्ल्या बदल, मग रड,” ते म्हणाले. “मी फोनवर आहे.”

तिने वाट बंद केली. मग इकडची आणि क्लाउडमधली एकेक किल्ली, म्हणजे पासवर्ड, बदलली, माझ्या पाऊलखुणांवरून पाहुण्याने उघडून ठेवलेलं दार न् दार शोधून लावलं. माणसाच्या बोटांत एवढी ताकद असते हे मी तोवर पाहिलं नव्हतं. संध्याकाळपर्यंत मी कोमट झालो. एकाही खोलीला ऊब लागली नव्हती. साहेबांपुढे तिने आपली चूक आपल्याच तोंडाने सांगितली. ते म्हणाले, “यापुढे ‘तात्पुरतं’ लिहाल तिथे बंद करण्याची तारीखही लिहा. सगळ्यांनीच.”

मित्रांनो, नव्या घरी राहायला जाल तेव्हा खुशाल जा. पण जुन्या घराचं दार लावलंय का, ते मागे वळून बघा. आणि ज्याला बोलता येत नाही, त्याच्या पाठीवर अधूनमधून हात ठेवून बघत जा.

दादांची हातगाडी त्या दिवशी रिकामी गेली. माझी वायर ताईने नंतर स्वतःच्या हाताने काढली आणि मला तिच्या टेबलावर जागा दिली. माझे दिवे आता लागत नाहीत. तरी संध्याकाळी निघताना ती माझ्या पाठीवर तळहात ठेवते, क्षणभर थांबते आणि आईला सांगते तसं मलाच सांगते, “गार आहे.” मग दिवा मालवून घरी जाते.